उद्या गाडीवर बोलू

क्रियापद

मी वर्गात उभी आहे. हातात खडू. फळ्यावर एकच शब्द लिहिलाय, तोही देवनागरीत, कारण सर म्हणाले होते, आधी तो आपल्या अक्षरांत कसा दिसतो ते बघा.

बुली.

एम.ए. इंग्रजीचा वर्ग. सोलापूरची दुपार. पंखा फिरतोय, वारा येत नाही. सरांनी प्रत्येकाला एकेक क्रियापद वाटून दिलंय, माणसाच्या वागण्याचं. ते कुठं जन्मलं, लहानपणी कसं होतं, मोठं होऊन काय झालं, हे वर्गाला सांगायचं. महेश्वरीला 'फ्लर्ट' मिळालं होतं. ती बोलली तेव्हा वर्ग हसून हसून आडवा झाला. मला हे मिळालं.

खिडकीला गज आहेत. गजांच्या पलीकडं व्हरांडा. व्हरांड्यात शिवराज उभा आहे.

शिवराज माझा होणारा नवरा. सुपारी फुटलीय. होटगीला रेल्वेच्या एका ठेकेदाराकडं तो सुपरवायझर आहे. गेटवर वॉचमनला म्हणाला असेल, 'मंडळींना न्यायला आलोय.' वॉचमन हसला असेल. त्याला सगळे हसून आत सोडतात.

आज आप्पा येणार आहेत. माझे वडील. मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला, माळावर आमचं गाव, मेंढरं आमची. आप्पा एसटीनं कॉलेजच्या गेटपर्यंत येणार आणि तिथून होटगीला, शिवराजच्या घरी, लग्नाची तारीख धरायला. मी शिवराजच्या मोटारसायकलवर पुढं. आप्पा मागून वडापच्या जीपनं. असं ठरलंय. मी सोडून सगळ्यांनी ठरवलंय.

काल संध्याकाळी मी याच शब्दाची तयारी करत बसले होते. त्याचा फोन आलेला कळला नाही. नंतर मी केला, त्यानं उचलला नाही. परत केला. परत. मग मेसेज आला.

उद्या गाडीवर बोलू.

पुढं एक लाल बदाम.

'हं, सृष्टी,' सर म्हणाले, 'कर सुरू.'


अर्थ पहिला

'सोळाव्या शतकात हे क्रियापद नव्हतंच,' मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. 'नाम होतं. अर्थ होता, लाडका. किंवा लाडकी. बाईला म्हणा, गड्याला म्हणा, चालायचं. बहुतेक डच भाषेतून आलं असावं. तिकडं मूळ शब्दाचा अर्थ प्रियकर, आणि भाऊसुद्धा. म्हणजे आज आपण जसं...'

मी शब्द शोधत थांबले. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, 'पिल्लू!'

हशा.

गजांपलीकडं शिवराजही हसला. तो मला पिल्लू म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा सात रस्ता चौकात आम्ही आईस्क्रीम खात होतो, आणि मला इतकं बरं वाटलं की माझं आईस्क्रीम मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यानं रुमालानं पुसलं. हळू. एकेक बोट वेगळं करून.

हे खोटं नव्हतं. हे मला आजही खोटं वाटत नाही. म्हणून तर भीती जास्त वाटते.


(शब्दकोशात नसलेलं)

आमच्याकडं एक मेंढा होता. हिऱ्या. माडग्याळी जातीचा, उंच, पोपटाच्या चोचीसारखं नाक, अंगावर तांबूस ठिपके. त्याची आई विताना गेली, म्हणून आप्पांनी त्याला बाटलीनं दूध पाजलं, घरात घोंगड्यावर निजवलं.

आमच्यात एक रीत आहे. नर कोकराच्या कपाळाला हात लावायचा नाही. पाठ खाजवा, हनुवटी खाजवा, पण कपाळ नाही. कपाळाला हात लावला की तो ढकलतो, आपण हसून ढकलतो, आणि त्याला ते कळतं ते असं की माणूस म्हणजे टक्कर द्यायची वस्तू. कळपातलं कोकरू माणसाला भिऊन असतं. घरात वाढलेलं भीत नाही. आप्पांना हे सगळं माहीत होतं. तरी ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून हिऱ्याच्या कपाळाला तळवा लावायचे आणि तो इवल्या पायांनी रेटायचा. आप्पा मुद्दाम मागं कलंडायचे. 'पाडलं की रं मला!' म्हणायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो.

हिऱ्या मोठा झाला. त्यानं घागर फोडली. 'खेळतोय त्यो,' आप्पा म्हणाले. शेजारच्या निंगव्वाला चिखलात लोळवलं. 'लाडात आलाय.' मी भाकरी घेऊन चालले होते, मला कमरेत मारलं, मी बराच वेळ श्वास घेऊ शकले नाही. आप्पांनी मला उचललं, पाठ चोळली, आणि म्हणाले, 'भितीस काय येडे? चेष्टा करतंय ते.'

मग घर शिकलं. अंगणातून जाताना कुणी मधून जायचं नाही. भिंतीला पाठ लावून, एक तळवा मागं भिंतीवर ठेवून, कडेकडेनं सरकायचं. आणि दावं तोडलेलं ज्याला आधी दिसेल त्यानं ओरडायचं, 'सुटलाऽऽय!' की बाकीच्यांनी हातातलं टाकून ओट्यावर चढायचं. कोण, काय, कुठं, असं कुणी विचारायचं नाही.

एक दिवस आईला ओट्यावर चढायला उशीर झाला. तिचा गुडघा अजून वाकत नाही. त्यानंतर आप्पांनी हिऱ्याला बाजारात नेऊन विकला आणि घरी येऊन रडले. त्याचा घुंगरांचा पट्टा अजून खुंटीला आहे.

हे मी वर्गात सांगितलं नाही. हे शब्दाचा भाग नाही.


अर्थ दुसरा

'सतराव्या शतकात शब्द जरा वयात आला. अर्थ झाला, भला गडी. मित्राच्या पाठीवर थाप मारून म्हणायचं, वा रे गड्या!'

शिवराज भला गडी आहे. कुणालाही विचारा. आप्पांच्या मोतीबिंदूच्या वेळी तोच दवाखान्यात पळाला, डोळ्यात थेंब घातले, त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. आई फोनवर म्हणते, 'नशीब काढलंस बाय.' महेश्वरी, माझी वर्गमैत्रीण, शहराच्या पूर्वभागातली, घरात चादरीचे माग आणि तेलुगू, कॉलेजात सोलापुरी, तीही म्हणते, 'तुला कसं बे असलं मिळालं? मला मिळतंय ते सगळं टॉवेल विकणारं.'

कुणाला सांगू? आणि काय सांगू? भीतीचं म्हणून दाखवायला माझ्याकडं काय आहे? एक लाल बदाम. एक उसाचा रस.


अर्थ तिसरा, वर्गात गाळलेला

राखणदार. अठराव्या शतकाच्या तोंडाला लंडनच्या गल्ल्यांत, बाईची राखण करतो म्हणणारा आणि तिच्या जिवावर जगणारा पुरुष. हे बोलले तर मागचा बाक पुन्हा हसेल. मी उडी मारून पुढं गेले.

पण गजांकडं बघितलं. शिवराजनं मोबाईल वर करून मला दाखवला आणि बोट टेबलावरच्या माझ्या मोबाईलकडं केलं. म्हणजे, बघ.

माझा मोबाईल टेबलावर थरथरला.

लोकेशन बंद का आहे पिल्लू? काळजी वाटते.

मी वर्गात आहे. तो मला बघतोय. मी कुठं आहे हे त्याला डोळ्यांनी दिसतंय. तरी मी खडू खाली ठेवला, मोबाईल उचलला, आणि सगळ्या वर्गासमोर लोकेशन चालू केलं.

'घाई आहे वाटतं नवऱ्याची,' सर म्हणाले. वर्ग हसला.

'लाजतीय बे ती,' महेश्वरी म्हणाली. मग माझ्याकडं नीट बघून हळूच, 'पाणी पी की. तोंड पांढरं पडलंय.'


उदाहरण

(शब्दकोशात अर्थानंतर वाक्य देतात. म्हणून.)

दिवाळीनंतर एकदा आम्ही होटगी रस्त्यानं चाललो होतो. मी मागं बसलेली. मी म्हणाले, लग्नानंतर बी.एड. करावं म्हणतेय.

तो काही बोलला नाही.

मेंढा टक्कर मारायच्या आधी मागं सरकतो. बघणाऱ्याला वाटतं, गेला, भ्याला, सुटलो आपण. आमच्यातल्या लेकरालाही कळतं की तो मागं सरकला की पळायचं. मला कळलं नाही. मला वाटलं, विचार करतोय.

मग गाडीचा आवाज बदलला. ओढणी तोंडावर फडफडायला लागली. समोरून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. त्याच्या आणि रस्त्याच्या कडेच्या मधल्या जागेतून आम्ही गेलो, उसाची पानं माझ्या गुडघ्याला घासली. मी ओरडले. त्यानं मान किंचित मागं वळवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, 'सॉरी म्हण.'

मी म्हणाले.

'ऐकू नाही आलं.'

मी म्हणत राहिले. कशाबद्दल, हे मला आठवेना. पुढं रेल्वेचं फाटक पडत होतं, लाल दिवा, घंटी, आणि तो सरळ त्या खाली येणाऱ्या दांड्याकडं निघाला होता. मी त्याच्या पाठीवर कपाळ टेकवून सॉरी म्हणत होते, आणि मग एकदम ब्रेक. फाटक पडलं. मालगाडी गेली. बाजूला रसवंती होती. त्यानं दोन ग्लास घेतले, माझ्यात बर्फ कमी, कारण मला सर्दी होते हे त्याच्या लक्षात असतं.

'चेष्टा केली गं पिल्लू. केवढी भित्री तू.'

बी.एड.चं मी परत काढलं नाही. त्यालाही परत काढावं लागलं नाही. त्यानंतर नुसतं 'गाडीवर बोलू' एवढंच पुरतं.


अर्थ चौथा

'आणि अठराव्या शतकात,' मी म्हणाले, 'तो क्रियापद झाला. लाडक्याचा भला गडी, भल्या गड्याचा फुशारक्या मारणारा, त्याचा गुंड. आणि गुंडाचं क्रियापद. काही जण म्हणतात वाटेत त्याला बैलाच्या इंग्रजी शब्दाची सावली लागली. पण सुरुवात बैलापासून नाही. सुरुवात...'

'मराठीत काय म्हणशील?' सरांनी विचारलं.

'दमदाटी करणे,' कुणीतरी म्हणालं.

'छळणे.'

'दादागिरी!'

मी मान हलवली. दमदाटीला आवाज लागतो. दादागिरी चौकात उभी राहते, तिला बघणारे लागतात. छळ म्हटलं की खुणा दाखवा म्हणतात. हे मी मनात म्हणत होते. तोंडानं म्हणायला हवं होतं, 'सर, यातलं एकही नाही. ते मऊ असतं.' पण शिवराजनं गजांवर बोटांनी हळूच टकटक केलं. वेळ झाली. आप्पा आले असतील.

'सर,' मी म्हणाले, 'चौथा अर्थ माझा झाला नाही.'

तेवढ्यात तास संपला.


प्रयोग

दारातच त्यानं माझ्या खांद्यावरची पर्स काढून घेतली. 'दे, जड असेल.' मोबाईल पर्समध्ये होता. महेश्वरीला हसून म्हणाला, 'लग्नाला यायचं हां, टॉवेलवाल्याला घेऊन.' महेश्वरी हसली, मग थांबली. ती माझ्या खांद्याकडं बघत होती, जिथं पर्स नव्हती.

व्हरांडा, जिना, मैदान. तो काही बोलला नाही. काहीच नाही. मी आपणहून म्हणाले, 'काल खरंच ऐकू आला नाही फोन. अभ्यास करत होते.'

तो हसला. 'आता कशाला तो विषय?'

मागं सरकला.

गेटबाहेर आप्पा उभे होते. धुवट धोतर, लाल फेटा, हातात कापडी पिशवी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, मग शिवराजला बघून आणखी.

'या पाव्हणं! किती येळ झाला उभा ऱ्हायलोय, ह्यो वाचमन मला आत सोडंना की. तुमास्नी सोडलं.'

'मामा, फेटा बघून भ्याला असंल तो,' शिवराज म्हणाला. वाकून पाया पडला. आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कपाळाशी.

'सुष्टे, आयनं शेंगापोळ्या दिल्यात. पाव्हण्यास्नी आवडत्यात म्हनून लई केल्यात.' मग माझ्याकडं, 'काय गं, झालं का भाषान?'

'झालं,' मी म्हणाले.

'मामा, तुम्ही त्या चौकातनं वडाप धरा. आम्ही दोघं होतो पुढं. घरी सगळे वाट बघतायत.'

'व्हय व्हय, जावा तुमी. तरनी मानसं. मी येतोच.'

गाडी कंपाउंडच्या भिंतीला लावलेली होती. शिवराजनं ती रस्त्याकडं वळवली, बसला, चावी फिरवली. आरशात बघून केस सारखे केले. पर्स त्यानं हँडलला अडकवली होती.

'बस.'

एवढंच म्हणाला. मऊ.

मी बसायला निघाले होते. खरंच निघाले होते. पाय उचललाही असेल. पण मी गाडीपर्यंत पोचलेच नाही, कारण मी सरळ चालतच नव्हते. माझी पाठ भिंतीला होती. एक तळवा मागं तापलेल्या दगडावर, आणि मी कडेकडेनं सरकत होते, गाडीपासून लांब. आमच्या अंगणातून सरकायचे तसं. हे मी ठरवलं नव्हतं.

शिवराजनं आरसा नीट करायला हात वर केला. आणि माझं तोंड बोललं.

'आप्पा, सुटलाय.'

आप्पांच्या हातातली पिशवी खाली पडली. शेंगापोळ्या धुळीत. इतक्या वर्षांनी, भर शहरात, रिक्षांच्या गोंगाटात, त्यांनी कोण, काय, कुठं असं विचारलं नाही. दोन ढांगांत ते माझ्या पुढ्यात होते, एका हातानं मला मागं भिंतीला दाबून धरलेलं, दुसरा हात खाली, गुडघ्याच्या उंचीवर, मान धरायला पसरलेला. ते जमिनीकडं बघत होते. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मेंढा शोधत होते.

मेंढा नव्हता. गाडीवर शिवराज होता आणि तो हसत होता.

'काय सुटलं मामा?'

आप्पांनी मान वर केली. माझ्याकडं वळले. मला त्यांच्या डोळ्यांकडं बघवेना, कारण मी एका वाक्याची वाट बघत होते. ते वाक्य मला लहानपणापासून पाठ होतं. खेळतोय त्यो. चेष्टा करतंय. भितीस काय येडे? ते वाक्य आलं तर मला गाडीवर बसावं लागेल, आणि गाडीवर बोलणं होईल, आणि तारीख धरली जाईल, आणि मग रोजच गाडी.

आप्पा माझा चेहरा बघत नव्हते. भिंतीवरचा माझा तळवा बघत होते.

'कवाधरनं?' त्यांनी विचारलं.

मी तळवा भिंतीवरून काढला नाही.

'मामा, चेष्टा करतो हो मी कधीमधी,' शिवराज म्हणाला. गाडी चालूच होती. 'ती लई भित्री आहे. तुम्हाला माहितीच आहे.'

'व्हय,' आप्पा म्हणाले. 'मी बी असंच म्हनायचो.'

ते गाडीकडं गेले. समोरून नाही, बाजूनं. मेंढ्याजवळ जायचं तर बाजूनं. हात घातला आणि चावी फिरवून काढून घेतली. गाडी बंद पडल्यावर एकदम किती शांत झालं. मग हँडलवरची पर्स काढली.

शिवराजचा चेहरा बदलला नाही. तोच तर प्रश्न होता, तो कधी बदलत नाही. 'मामा, लोक बघतायत. माझ्या घरी सगळे जमलेत. काय सांगू मी त्यांना?'

'सांगा, पोरगी भेली.'

'असं कसं? कशाला भेली? मी हात तरी लावलाय का तिला? विचारा की तिला.'

'पाव्हणं, आमच्या हिऱ्याला ठावं नव्हतं समोरच्याला लागतंय म्हून. मुकं जनावर. त्येला मी बिगडवलं. तुमास्नी सगळं ठावं हाय.' मला वाटलं रागानं बोलतायत, पण बोलता बोलता ते गाडीपासून एकेक पाऊल बाजूला सरकत होते. आप्पाही भ्याले होते.

त्यांनी चावी वॉचमनच्या हातात दिली. 'आमची यष्टी सुटंपत्तूर ह्यास्नी दिऊ नका. म्हाताऱ्याचं एवढं ऐका.' वॉचमन एकदा चावीकडं, एकदा शिवराजकडं बघत राहिला. गेटच्या आत महेश्वरी येऊन उभी होती. ती वॉचमनला म्हणाली, 'काका, ठेवा बे खिशात. मी थांबते हितं.'

शिवराज गाडीवरून उतरला नाही. माझ्याकडं बघून हसला, आईस्क्रीम पुसतानाचं हसू.

'संध्याकाळी बोलू, पिल्लू.'

(पाचवा अर्थ असेल तर मला माहीत नाही.)

आम्ही एसटी स्टँडकडं चालत निघालो. आप्पा रस्त्याच्या बाजूला, मी भिंतीच्या बाजूला. शेंगापोळ्या उचलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. पर्समध्ये मोबाईल थरथरला, थांबला, थरथरला. मी लोकेशन बंद केलं, आणि बंद झालंय का ते परत बघितलं.

आप्पा म्हणाले, 'आज कशावर बोललीस तू वर्गात?'

'एका इंग्रजी शब्दावर.'

'म्हंजी कसला शबूद?'

'बुली.'

'त्येचा अर्थ?'

मी चारही अर्थ आठवले. 'आधी लाडका,' मी म्हणाले.

आप्पांनी पुढचा अर्थ विचारला नाही. चालता चालता ते उजवा तळवा धोतरावर पुसत राहिले, पुन्हा पुन्हा, काही चिकटल्यासारखा.

मागून एका मोटारसायकलचा आवाज आला. आम्ही दोघंही भिंतीला लागलो.